या, बसा

आपल्या घरी पाहुणा आला म्हणजे आपण त्याच्याशी पहिला शब्द कोणता बोलतो? 'या, बसा.' नावगाव मागाहून विचारले जाते, पाण्याचा तांब्याही मागाहून येतो. प्रथम त्यास बसावयास सांगितले जाते. या दोन शब्दांत आपले सारे आतिथ्य साठविलेले आहे. उलटपक्षी, आलेल्या मनुष्यास उंबरठ्यावरून उभ्या उभ्याच बोळविणे यासारखा दुसरा अपमान नाही. घराला लागू असलेला हा न्याय आपण कधी गावाला लावून पाहिला आहे काय? गावातही रोज शेकडो माणसे येतात. कोणी बाजाराला येते, कोणी कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. त्यांना आपले गाव 'या, बसा' असे म्हणते काय?

सातारा जिल्ह्यातील एका मोठ्या गावी बाजाराच्या दिवशी मी एक साधाच प्रसंग पाहिला. भाजी विकून झालेली एक म्हातारी परतीच्या एस.टी.ची वाट पाहत होती. सकाळपासून ती उन्हात बसून थकलेली होती. समोरच्या दुकानाच्या पायरीकडे ती वळली. पण कोणी बसू नये म्हणून त्या पायरीवर टोकदार लोखंडी सळ्या बसविलेल्या होत्या. तिने एकवार त्या सळ्यांकडे पाहिले. काही न बोलता डोक्यावरची रिकामी पाटी खाली घेतली, ती रस्त्याच्या कडेला पालथी घातली आणि तिच्यावर ती बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपले आसन आपणच बरोबर बाळगावे लागते, ही गोष्ट तिच्या अंगवळणी पडली असावी. मला मात्र त्या पालथ्या पाटीचा विसर पडला नाही. हजारो लोकांच्या त्या गावाने एका थकलेल्या बाईसाठी हातभर फळीचीसुद्धा सोय केली नव्हती.

आपल्या जुन्या गावरचनेत बसण्याच्या जागांची उणीव नव्हती, हे कोणीही मान्य करील. घरापुढे ओटा असे, देवळापुढे सभामंडप असे, वडापिंपळाभोवती दगडी पार असे, आणि गाव नदीकाठी असल्यास घाट असे. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या दृष्टीने भाग्यवान होत. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु दोहोंना जोडणारी कृष्णामाई एकच आहे. वाईचा गणपती घाट, मेणवलीचा घाट, माहुलीस कृष्णा-वेण्णांच्या संगमावरील घाट, हरिपुरास कृष्णा-वारणांच्या संगमाजवळील संगमेश्वराचा परिसर ही सर्व स्थाने म्हणजे दगडात घडविलेले 'या, बसा' हेच शब्द होत. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचे. 'संगीत शारदा' लिहिताना ते कृष्णाकाठच्या पारावर बसत असत, असे तेथील लोक आजही अभिमानाने सांगतात. बसावयास जागा मिळाली म्हणजे माणूस नुसता विसावतो असे नाही. तो बोलू लागतो, ऐकू लागतो, विचार करू लागतो.

परंतु जुन्या काळाचे गोडवे गाताना एक कटू सत्य विसरता कामा नये. तो पार सर्वांचा नव्हता. ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले होते त्यांना त्या दगडावर बसण्याची मुभा नव्हती, आणि स्त्रियाही तेथून पदर सावरून लगबगीने पुढे जात. या अन्यायाची सर्वांत बोलकी खूण साताऱ्यातच सापडते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. हा मुलगा म्हणजे पुढे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. शाळेत त्यांना इतर मुलांत मिसळून बसता येत नसे. एका कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर त्यांना बसावे लागे. त्या गोणपाटास शाळेतील गडीदेखील शिवत नसे. म्हणून शाळा सुटली की लहानग्या भीमरावाने ते गुंडाळून घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे, असा शिरस्ता होता. बाबासाहेबांनीच पुढे आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे. ज्या मुलाने पुढे साऱ्या देशाला समान हक्कांची बैठक दिली, त्या मुलाला आपली बैठक काखोटीस मारून शाळेत जावे लागत होते! तेव्हा बसण्याची जागा ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे कोणी म्हणू नये. कोणास बसू दिले जाते आणि कोणास नाही, यावरून समाजाची पारख होते.

आज परिस्थिती पालटली आहे. कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या झाल्या आहेत. परंतु ज्या वेळी त्या खुल्या झाल्या, नेमक्या त्याच वेळी त्या नाहीशाही होऊ लागल्या, ही खेदाची गोष्ट होय. ओटे पाडून दुकानांचे गाळे निघाले. पारांभोवती वाहनांची गर्दी झाली. यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी सिमेंटची बाके बसविली जातात. कोणाच्या तरी स्मरणार्थ ती दिलेली असतात आणि दात्याचे नाव त्यांवर ठळकपणे रंगविलेले असते. दात्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या साताऱ्यासारख्या शहरात जुन्या पेठांचे रस्ते अरुंद आहेत. तेथे बाक ठेवावे तर चालणाऱ्यास वाट उरत नाही. वाट ठेवावी तर बाकाला जागा उरत नाही. शिवाय आपल्याकडे एकच जागा दिवसातून अनेक वेळा रूप पालटते. साताऱ्याच्या राजवाड्यासमोरील गांधी मैदानच पाहा. तेथे कधी सभा भरते, कधी मुले खेळतात, सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती माणसे गोळा होतात. बाजाराच्या गावी तर आठवड्यातून एक दिवस रस्त्याचाच बाजार होतो. अशा जागी जे कायमचे रोवले जाईल ते एका कामास उपयोगी आणि चार कामांस अडथळा ठरेल.

मग यातून मार्ग कोणता? माझ्या मते तो मार्ग घडीच्या आसनांचा आहे. भिंतीला, कुंपणाला किंवा दिव्याच्या खांबाला बिजागऱ्यांनी जोडलेली फळी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. एरवी ती भिंतीशी सपाट मिटलेली असते. चालणाऱ्यास तिचा अडथळा होत नाही. कोणी थकलेला मनुष्य आला की तो ती खाली ओढतो, तिचा पाय आपोआप टेकतो आणि जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचे आसन तयार होते. त्याच पद्धतीने थोडी उंच फळी उघडली की मेज होते. तेथे विद्यार्थ्याने वही ठेवून अभ्यास करावा, भाजीवालीने जुड्या मांडाव्यात, दोन वृद्धांनी वर्तमानपत्र पसरावे. फळीच्या आतल्या अंगास वाघ-बकरीचा पट रंगविला, तर ती उघडताच खेळाचे आमंत्रणही मिळेल. आपल्याकडील अनेक जुन्या घाटांवर आणि देवळांच्या पायऱ्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट आढळतात; त्यांचीच ही नवी आवृत्ती होईल. जगातील काही शहरांत अशा उघडमीट होणाऱ्या बैठका मोकळ्या जागी मांडून पाहण्यात आल्या आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्या नुसत्या पाहून उपयोग नसतो. बसणाऱ्याने हात लावल्यावाचून त्यांना आकारच येत नाही.

ही कल्पना परकी आहे असे कोणास वाटल्यास त्याने आपल्या अवतीभोवती नीट पाहावे. पोथी वाचताना ती ज्या लाकडी ठवणीवर ठेवतात, ती उघडली की पोथीचे आसन होते आणि मिटली की फडताळात मावते. जुन्या बाजारपेठांतील फळ्यांची दुकाने अजून कोठे कोठे दिसतात. रात्री ज्या फळ्या दुकानाचे दार होतात, त्याच दिवसा काढून ठेविल्या की दुकान रस्त्याकडे मोकळे होते. सांगलीस ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. पुढे ते आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, तेव्हा रंगभूमीही त्यांच्याबरोबर उलगडत आणि मिटत गेली. पण घडीच्या संसाराचा खरा थाट पाहावयाचा असेल, तर तो आषाढी वारीत पाहावा. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा यांनी श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले. नीरा नदी ओलांडून ती पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. सायंकाळी मोकळ्या माळावर राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, कीर्तने रंगतात. एक नगरच वसते म्हणा ना! पहाट झाली की तेच नगर घडी होऊन वाटेस लागते. एवढ्या मोठ्या समुदायाचा हा व्यवहार सुरळीत चालतो, कारण प्रत्येक दिंडीला आपली राहुटी कोठे उभारावयाची आणि केव्हा सोडावयाची हे ठाऊक असते.

आता जगाकडे वळून पाहू. पॅरिस शहरातील लुक्झेंबुर्ग उद्यानात हलविता येणाऱ्या लोखंडी खुर्च्या आहेत. ज्याला जेथे ऊन किंवा सावली हवी, तेथे तो आपली खुर्ची ओढून नेतो. न्यूयॉर्क शहरातील ब्रायंट पार्क हे उद्यान एके काळी इतके बदनाम झाले होते, की सभ्य माणसे तेथे जाण्यास कचरत. १९९२ साली ते सुधारून पुन्हा खुले करण्यात आले, तेव्हा तेथे शेकडो सुट्या घडीच्या खुर्च्या ठेवण्यात आल्या. त्या साखळदंडाने बांधलेल्या नव्हत्या. या सुधारणेमागे विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाचे विचार होते. माणसे मोकळ्या जागेत कशी वागतात, याचे त्याने वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १९८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक मौजेची गोष्ट नोंदविली आहे. सुटी खुर्ची दिसली की मनुष्य बसण्यापूर्वी ती थोडीशी सरकवितो, मग त्याची गरज असो वा नसो. या लहानशा कृतीचा अर्थ मोठा आहे. 'ही जागा मी निवडली आहे' असे त्या मनुष्यास वाटते आणि जागेशी त्याचे नाते जडते. जे आपण आपल्या हाताने उघडतो, मांडतो, त्याविषयी आपल्या मनात ममत्व उत्पन्न होते. सिमेंटच्या बाकाविषयी ते होत नाही. कारण ते बाक आपल्याला काहीच विचारीत नाही.

'पण हे आपल्या लोकांना जमावयाचे नाही,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आगगाडीच्या डब्यातील मधल्या फळीची आठवण करून देतो. आपल्या देशात सर्वांत अधिक वापरले जाणारे सार्वजनिक घडीचे आसन म्हणजे हीच फळी होय. मुंबईहून कोल्हापुरास जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीच्या प्रवासात सातारा आणि सांगली ही दोन्ही स्थानके ओलांडते. तिच्या शयनयानाच्या डब्यात एकमेकांस न ओळखणारी सहा माणसे समोरासमोर बसतात. मधली फळी उघडली की खालच्यास ताठ बसता येत नाही. ती मिटली की मधल्यास निजता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपण्याची वेळ, असा रेल्वेचा नियम आहे. परंतु त्या फळीचा खरा कारभार चालतो तो माणसामाणसांतील समजुतीवर. 'आपण आता फळी टाकू या का?' असे एक विचारतो, दुसरा उठून साखळी अडकविण्यास हात देतो. कोणी आजारी असेल तर नियम बाजूस ठेवून त्यास लवकर निजू देतात. कधी कुरबूरही होते, नाही असे नाही. तथापि रोज रात्री या देशात असंख्य अनोळखी माणसे एकमेकांच्या सोयीने फळ्या उघडतात आणि सकाळी मिटतात. जे डब्यात जमते, ते चौकात का जमू नये?

अर्थात या योजनेवरील आक्षेपांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप मोडतोडीचा आणि चोरीचा. तो खोटा नाही. बिजागरी हा उघडमीट होणाऱ्या वस्तूचा सर्वांत दुबळा भाग. ती गंजते, सैल होते, कोणी उचकटूनही नेते. म्हणून बिजागऱ्या जाड आणि न गंजणाऱ्या असाव्यात आणि त्यांना वेळच्या वेळी तेल मिळावे. वस्तू बसविण्याचा समारंभ थाटात करावयाचा आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, ही आपली सवय सुटली नाही, तर घडीचे आसनच काय, दगडी घाटही टिकणार नाहीत. दुसरा आक्षेप धोक्याचा. फळीत लहान मुलांची बोटे सापडतील, ही भीती रास्त आहे. त्यासाठी फळी आणि भिंत यांमध्ये फट राखावी, कडा गोल कराव्यात आणि फळी एकदम न आदळता सावकाश खाली येईल अशी योजना करावी. चित्रपटगृहातील खुर्ची माणूस उठताच आपली आपण मिटते. एकट्यापुरती आसने तशीच करावीत, म्हणजे विसराळू मनुष्यामुळे वाट अडणार नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना वाकता येत नाही, ज्यांना दिसत नाही, त्यांनी ही फळी कशी उघडावी? यास उत्तर एकच. घडीची आसने स्थिर आसनांच्या जोडीला असावीत, त्यांच्या जागी नव्हेत. जेथे जागा आहे तेथे पाठीला टेकू असलेले पक्के बाक असलेच पाहिजे. आणि काहीही झाले तरी या आसनांना कुलूप असता कामा नये. ज्या सार्वजनिक आसनाची किल्ली एकाच्या खिशात असते, ते सार्वजनिक नसून त्या एकाचे असते. मग ते पुन्हा जुन्या पाराच्याच वाटेने जाते.

कृष्णाकाठच्या गावांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची उंची मोजतात. १९२९ साली बांधलेल्या या पुलाने अनेक पूर पाहिले. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी समजली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते आणि निम्मे शहर पाण्याखाली गेले होते. २०२१ सालीही पुन्हा महापूर आला. पूर ओसरल्यावर घाटावर गाळाचे थर साचतात आणि मागे राहिलेल्या वस्तू वाकून मोडून गेलेल्या असतात. नदीकाठी मांडावयाची आसने खिट्ट्या काढून उचलता येतील अशी केली, तर पाणी वाढू लागताच ती सुरक्षित स्थळी नेता येतील आणि पूर ओसरल्यावर पुन्हा लावता येतील. नदीशी हट्ट धरून भागत नाही. तिला वाट देऊन पुन्हा आपले स्थान घेणे हेच शहाणपण कृष्णाकाठच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले आहे.

हे काम आरंभावे कोणी? नगरपालिकांनी आरंभावे हे तर खरेच. पण त्यांची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव खचले नाहीत. १९१० साली कुंडलच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे त्याच नांगराने महाराष्ट्राची शेते नांगरली. नवी वस्तू चांगली आहे हे भाषणाने पटत नाही, वापराने पटते. तेव्हा प्रत्येक शाळेने आपल्या कुंपणाच्या बाहेरच्या अंगास दोन घडीची आसने लावून पाहावीत. मुलांना न्यावयास आलेले आईबाप तेथे बसतील, वाटसरू क्षणभर टेकतील. सुतारकामाच्या तासाला विद्यार्थ्यांनीच फळ्या घासाव्यात, बिजागऱ्या ठोकाव्यात आणि दर महिन्यास त्यांना तेल द्यावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि श्रम करून शिकणे ही तिची शिकवण आहे. वडाखालच्या पारावर जे सर्वांना मिळाले नाही, ते शाळेच्या भिंतीवरील फळीवर सर्वांना मिळाले, तर त्या बोधचिन्हास शोभेल असेच ते होईल.

मराठीत 'घडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घडी म्हणजे वस्त्राची दुमड, आणि घडी म्हणजे थोडा वेळ. घडीच्या आसनाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. ते मिटते, आणि ते घडीभरासाठीच आपले असते. आपण येण्यापूर्वी ते कोणाचे तरी होते आणि आपण उठल्यावर ते दुसऱ्या कोणाचे होणार आहे. म्हणून बसताना आपला हक्क आठवावा आणि उठताना मागून येणाऱ्याची आठवण ठेवावी. फळी पुसून, नीट मिटवून पुढे जावे. नागरिकत्वाचे मोठमोठे धडे पुस्तकांत असतातच. परंतु हा लहानसा धडा हाताने गिरविण्याचा आहे.

बाजारातील त्या म्हातारीची पाटी भाजी वाहण्यासाठी होती, बसण्यासाठी नव्हे. साताऱ्याच्या शाळेत एका मुलाने रोज वाहून नेलेले ते गोणपाट तर मुळीच वाहावयास लागावयास नको होते. यापुढे आपल्या गावात येणाऱ्या कोणासही आपले आसन घरून आणावे लागू नये. भिंतीवरची एखादी फळी हाताच्या अंतरावर असावी, आणि जवळ उभ्या असलेल्या एखाद्या मुलाने ती पुढे होऊन उघडावी आणि म्हणावे, 'आजी, या, बसा.'